प्रवेशानंतरचा अर्ज

बोरगाव मेघे हे बोलण्यात अजून गाव असले तरी व्यवहारात ते वर्धा शहराचेच एक अंग होऊन गेले आहे, आणि देवळी, सेलू, आर्वी, हिंगणघाट या बाजूची आपली शेती मक्त्याने देऊन किंवा भावाच्या हवाली करून केवळ मुलांच्या शिक्षणाच्या सोयीसाठी येथे भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेली कुटुंबे येथे घरोघरी भेटतात. जून ते ऑगस्ट या काळात अशा घरांतून दुसरा विषय नसतो. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या कोणत्या फेरीत कोणते महाविद्यालय लागले, तेथे जागा कायम करावी की पुढच्या फेरीची वाट पाहावी, याचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो. आणि शेवटी एकदाचे मनासारखे महाविद्यालय लागले म्हणजे पेढे वाटले जातात, ते संपायच्या आत शुल्काचा तक्ता हाती पडतो, आणि ज्या घरात आदल्या दिवशी गुणांची बेरीज चालली होती त्याच घरात रुपयांची वजाबाकी सुरू होते.

शुल्काच्या खिडकीवरील पुढचा संवाद वर्षानुवर्षे ठरून गेलेला आहे. ‘फी काई कमी होते का जी?’ असे बाप खालच्या आवाजात विचारतो. मुलगी, आपला आणि या प्रश्नाचा काही संबंध नाही असे दाखवीत, भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे पाहत उभी राहते. आणि आतला कारकून मान वर न करता, ‘ते आमच्या हाती नाही, वर भेटा,’ असे उत्तर देतो. वर म्हणजे कोणाला, कोणत्या वेळी, कोणते दस्तऐवज घेऊन, याचा उल्लेख चकचकीत छापलेल्या माहितीपुस्तिकेच्या एकाही पानावर नसतो. त्यामुळे ज्याची ओळख असते तो लोकप्रतिनिधीची चिठ्ठी मिळवतो, ज्याच्या घरी सोने असते तो ते गहाण टाकतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नसते तो सावकाराकडे जातो किंवा त्या महाविद्यालयाचा नाद सोडून देतो. हा चौथा मार्ग पत्करणाऱ्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तेथे केवळ ‘विद्यार्थी हजर झाला नाही’ एवढेच लिहिलेले असते.

प्रवेश मिळाल्यानंतर अधिक साहाय्याची मागणी करणे ही याचना आहे, किंवा झालेल्या सौद्यात मागाहून केलेली घासाघीस आहे, ही समजूत मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या अशा दोघांच्याही मनात इतकी खोल रुजली आहे की ती रास्त ठरवावयास काही आधार हवा असे कोणास वाटेनासे झाले आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. प्रवेश देताना संस्था विद्यार्थ्याची पात्रता मान्य करते. ती पात्रता पैशाअभावी वाया जाऊ नये याची जबाबदारी त्या क्षणापासून काही अंशी संस्थेवरही येते. आणि म्हणून शुल्क-साहाय्याच्या फेरविचाराचा अर्ज हा शिफारशीचा अथवा मेहेरबानीचा विषय न राहता, लेखी नियमांनी बांधलेला, मुदतीत निकाल लागणारा आणि निकालाची कारणे सांगणारा असा रीतसर व्यवहार झाला पाहिजे.

हे मागणे कोणास परके किंवा चमत्कारिक वाटत असेल तर त्याने आपल्या महसुली कारभाराची आठवण करावी. शेतसारा एकदा ठरला म्हणजे पीक बुडाले तरी तो वसूल झालाच पाहिजे, असा हट्ट इंग्रजी अमदानीतील कठोर सरकारनेही अखेरपर्यंत धरला नाही; सूट आणि तहकुबी असे दोन उपाय त्याने दप्तरात दाखल करून घेतले, त्यांतील पहिल्याने मागणी माफ होई व दुसऱ्याने ती पुढील वर्षावर ढकलली जाई, आणि त्यासाठी आणेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा अंदाज, पाहण्याची पद्धत पडली. आजही खरिपाची पैसेवारी आधी नजरअंदाजाने, मग सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम अशी जाहीर होते, व ती पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे त्या गावास टंचाईच्या सवलती लागू होतात. त्या सवलतींत जमीन महसुलाबरोबर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काचाही समावेश असतो. आधी ठरलेली मागणी नंतरच्या आपत्तीमुळे बदलावी लागते, हे तत्त्व येथपर्यंत शासनाने मान्य केलेले आहे. महाविद्यालयाच्या शिक्षण शुल्कापाशी येऊन मात्र ते एकाएकी थबकते.

थबकते ते एका कागदापाशी, आणि तो कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रावर रांग लावून, तलाठ्याचा अहवाल, सातबारा, शिधापत्रिका आणि स्वयंघोषणा जोडून मिळवलेल्या या दाखल्यावर मागील आर्थिक वर्षाचे उत्पन्न लिहिलेले असते, आणि पुढील सर्व सवलतींचा निर्णय त्या एका आकड्यावर होतो. नोकरदाराच्या बाबतीत मागील वर्ष आणि चालू वर्ष यांत फारसे अंतर नसते. परंतु ज्याचा संसार कपाशी, तूर आणि सोयाबीन यांवर चालतो त्याची दोन वर्षे एकमेकांची ओळख देत नाहीत. प्रवेश ऑगस्टात होतो आणि पीक त्यानंतर बुडते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, 2023 च्या सप्टेंबरात पिवळ्या मोझॅकने उभे सोयाबीन पिवळे पाडून शेंगा भरू दिल्या नाहीत. त्या त्या वर्षी ज्यांच्या मुलांनी जुलै-ऑगस्टात प्रवेश घेतला होता, त्यांच्या हाती असलेला दाखला आदल्या, बऱ्या वर्षाचा होता. कागद खरा होता आणि माणूस नागवला गेला होता, अशा विपरीत स्थितीत दुसऱ्या सत्राचा हप्ता मागणाऱ्या लिपिकास दोष देऊन उपयोग नाही, कारण कागदापलीकडे पाहण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेलाच नाही.

शासनाने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील विद्यार्थ्याचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांच्या मर्यादेपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अभियांत्रिकीत मंजूर जागांच्या पाच टक्क्यांपर्यंत अधिक जागा शिक्षण शुल्क माफीच्या म्हणून गुणानुक्रमे भरल्या जातात. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आणि जुलै 2024 च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी मिळाली. हा शेवटचा निर्णय खरोखर मोठा आहे, आणि त्याचे श्रेय देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

परंतु त्याच निर्णयाने खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे वगळली, तसेच व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशही वगळले. वर्ध्याच्या भूगोलात हे वगळणे डोळ्यांत भरते. शहराच्या एका अंगास सेवाग्राम आहे, जेथे 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, ज्याच्या खर्चाचा अर्धा वाटा केंद्र सरकार, चौथाई राज्य सरकार व उरलेला कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते असा त्याचा हिशेब ठरलेला आहे. दुसऱ्या अंगास सावंगी मेघे येथे अभिमत विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. बोरगावच्या एकाच गल्लीतील दोन मुली, गुणांत उन्नीस-वीसचा फरक असताना, एक शासकीय सवलतीच्या छत्राखाली आणि दुसरी त्या छत्राबाहेर अशा शिकू शकतात. जेथे शासनाची सवलत पोहोचत नाही तेथे संस्थेच्या स्वतःच्या निधीतून साहाय्य मागण्याचा मार्ग खुला असणे अधिकच अगत्याचे आहे, आणि नेमका तेथेच तो सर्वांत अंधारा असतो.

शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे जी शिक्षण परिषद भरली, तिच्यापुढे नई तालीमची कल्पना ठेवताना शाळेने हस्तोद्योगातून आपला खर्च भागवावा असा विचार मांडला गेला, आणि त्या स्वावलंबनाच्या मुद्द्यावरच परिषदेत मतभेद झाले. टकळीवर शाळा चालली नाही हे खरे. पण त्या वादात निदान खर्चाचा विषय मांडवात, सर्वांसमक्ष, बोलला जात होता.

प्रवेशानंतर, किंबहुना करारावर सही झाल्यानंतर, अधिक मागितल्याचे आपल्याकडील सर्वांत उज्ज्वल उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. 1913 च्या जूनमध्ये बडोदे संस्थानाशी झालेल्या कराराने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, आणि त्याच्या मोबदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे त्यांनी मान्य केले. कोलंबिया विद्यापीठातील तीन वर्षे संपत आली तेव्हा त्यांनी, ‘ठरले तेवढे मिळाले, आता परत जावे,’ असा संकोच केला नाही. लंडनमधील पुढील अध्ययनासाठी त्यांनी महाराज सयाजीरावांकडे मुदतवाढ मागितली व ती एका वर्षाची मिळाली. त्या वर्षाच्या बळावर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. 1917 साली मुदत संपताच मात्र अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि तो पुरा करावयास पुन्हा लंडन गाठण्यासाठी पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकावी लागली, नवल भथेना या मित्राचे कर्ज काढावे लागले, शाहू महाराजांचे साहाय्य घ्यावे लागले. सयाजीरावांचे औदार्य निर्विवाद आहे. तरीही त्या औदार्यास अपिलाची पायरी नव्हती, आणि तीन-चार वर्षे जगातील एका श्रेष्ठ बुद्धीचे शिक्षण त्यामुळे खोळंबून राहिले. मागणीचे धैर्य आणि नियमाचा अभाव ही दोन्ही या एका प्रकरणात शेजारी शेजारी दिसतात.

श्रीमंत देशांत हा प्रश्न सुटला आहे असे मानण्याचे कारण नाही, पण तेथे तो निदान न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकेतील आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांचे प्रतिनिधी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून दर वसंतात एकत्र बसून, एकाहून अधिक ठिकाणी निवड झालेल्या विद्यार्थ्यांची प्रकरणे पाहत व कोणत्या घराकडून किती घ्यावयाचे हे आपसांत ठरवून टाकीत, जेणेकरून विद्यार्थ्याने एका संस्थेचा देकार दुसरीस दाखवून बोलणी करण्यास जागाच राहू नये. 1991 साली तेथील न्याय खात्याने या संगनमताविरुद्ध दावा लावला. आठ विद्यापीठांनी तत्काळ तडजोड केली, नववी संस्था लढली व 1993 साली तिचाही समझोता झाला. तिची कैफियत अगदीच पोकळ नव्हती: आपसांत स्पर्धा सुरू झाली तर पैसा हुशार श्रीमंतांना ओढण्यात खर्च होईल व गरजूंचा वाटा कमी पडेल, असे तिचे म्हणणे होते. पुढे अमेरिकी काँग्रेसने काही अटींवर अशा सल्लामसलतीस मुभा दिली, आणि त्या अटी पाळल्या नाहीत म्हणून 2022 साली माजी विद्यार्थ्यांनी सोळाहून अधिक विद्यापीठांना पुन्हा न्यायालयात खेचले. शिकागो विद्यापीठाने 2023 मध्ये 1 कोटी 35 लाख डॉलर देण्याचे कबूल करून आपले अंग काढून घेतले. बोलणी करणारा विद्यार्थी असभ्य, आणि बंद दाराआड बोलणी करून बसलेल्या संस्था सभ्य, हा न्याय तेथे टिकला नाही.

त्या देशातील दुसरी गोष्ट आपल्या अधिक उपयोगाची आहे. तेथेही सरकारी साहाय्याची गणना दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर होते, म्हणजे आपल्या दाखल्याहून तो कागद अधिकच शिळा असतो. परंतु नोकरी गेली, कर्ता माणूस वारला, दुखण्याचा खर्च अंगावर आला, तर महाविद्यालयाच्या साहाय्य-अधिकाऱ्यास पुरावा पाहून त्या एका विद्यार्थ्यापुरती गणना बदलण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. अलीकडच्या दुरुस्तीने तर अशी विनंती करता येते हे महाविद्यालयाने जाहीर केलेच पाहिजे, आणि सर्व विनंत्या सरसकट नाकारण्याचे धोरण ठेवता येणार नाही, असे बंधन घातले. (येथून तिकडे जाणाऱ्या मुलांनी मात्र ध्यानात ठेवावे, की ते सरकारी साहाय्य परदेशी विद्यार्थ्यांस नाही, आणि प्रवेशाच्या वेळी आर्थिक साहाय्य मागितले नसेल तर नंतर मागू न देणारी महाविद्यालये तेथे पुष्कळ आहेत.) ही दोन कलमे आपल्या विद्यापीठांनी उचलली तर खजिन्यावर बोजा पडण्याआधी अंधार तरी कमी होईल.

संस्थाचालकांचा आक्षेप ठाऊक आहे. शुल्क आम्ही ठरवीत नाही, 2015 च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, मग आम्ही सूट कोठून द्यावी, असे ते म्हणतात. प्राधिकरणाने मंजूर केलेल्या रकमेहून अधिक घेण्यास मनाई आहे. कमी घेण्यास नाही. आणि हीच मंडळी, ज्या वर्षी अभियांत्रिकीच्या जागा ओस पडतात त्या वर्षी, न मागता सवलती जाहीर करतात, बसभाडे माफ करतात, बारावीच्या मुलांच्या घरी माणसे पाठवतात, हे या जिल्ह्यातील कोणत्याही पालकास सांगावे लागत नाही. जागा रिकामी असली की सूट परवडते आणि विद्यार्थ्याचा खिसा रिकामा असला की परवडत नाही, हा हिशेब जमाखर्चाचा म्हणून समजू शकतो. शिक्षणसंस्थेचा म्हणून तो शोभत नाही.

याहून गंभीर आक्षेप आहे तो असा, की मागेल त्याला मिळू लागले तर बोलका, इंग्रजी जाणणारा, कचेरीत न बिचकणारा पालक आपले काम साधून घेईल, आणि ज्याला खरी गरज आहे तो हिंगणघाटकडचा अबोल कास्तकार आहे तेथेच राहील. मी हा आक्षेप मान्य करतो. परंतु आजची स्थिती नेमकी हीच आहे. फरक एवढाच की आज ती तोंडी आहे. बोलक्यांचा हा फायदा काढून घ्यावयाचा असेल तर अर्जाचा नमुना मराठीत छापलेला हवा, प्रवेशपत्राबरोबर तो प्रत्येकाच्या हाती पडावयास हवा, कोणत्या कारणांसाठी फेरविचार होतो हे त्यावर लिहिलेले हवे, आणि वर्षाअखेर किती अर्ज आले, किती मंजूर झाले व एकूण किती रक्कम दिली गेली, हे नावे वगळून फलकावर लागावयास हवे. दुष्काळाच्या वर्षी गावाची अंतिम पैसेवारी हाच पुरावा मानून त्या गावच्या विद्यार्थ्यांचा दुसऱ्या सत्राचा हप्ता तहकूब करण्यास तर नवा कागदही लागणार नाही, कारण पैसेवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत तयारच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल नेमण्यास सांगितले असून, शुल्काविषयीच्या व शिष्यवृत्ती मिळण्यातील विलंबाच्या तक्रारी तिच्या कक्षेत घातल्या आहेत, आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली आहे. समिती आहे, तिची पाटीही आहे. तिच्यापुढे प्रकरणे जात नाहीत.

ती जावीत यासाठी पालकांनाही थोडा स्वभाव बदलावा लागेल. खिडकीवर उभे राहून ‘काही कमी करा’ म्हणणे सोडावे. प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहावा. त्यात आपली गरिबी वर्णन करीत न बसता प्रवेशानंतर किंवा दाखल्यानंतर काय बदलले ते तारखेसह सांगावे, त्याचा कागद जोडावा, आणि नेमके काय हवे ते लिहावे: शुल्कात इतकी सूट, किंवा इतक्या हप्त्यांची सवलत, किंवा शिष्यवृत्तीची रक्कम जमा होईपर्यंत तेवढ्या रकमेच्या वसुलीस स्थगिती. दुसऱ्या महाविद्यालयात कमी शुल्कात जागा मिळत असेल तर तेही न लाजता नमूद करावे. त्यात उद्धटपणा नाही. अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने द्यावा, आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास त्याच पोचेची प्रत जोडून तक्रार निवारण समितीकडे जावे. बोरगावात निवृत्त शिक्षकांची आणि कारकुनांची वाण नाही. येत्या जूनमध्ये त्यांपैकी चौघांनी जरी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संध्याकाळी तासभर बसून शेजाऱ्यांच्या मुलांना हे अर्ज लिहून दिले, तरी सुरुवात होईल.